बी.पी.च्या यंत्रातले सेल

परवा रात्री एका आजींना गरगरू लागले. मुलाने घरचे बी.पी.चे यंत्र काढले, तर ते बंद! सेल दोन महिन्यांपूर्वी चार्ज केलेले. मी पोचलो तेव्हा वरचे प्रेशर २०० होते.

साधे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते पडूनही उतरतात. महिन्याभरात पाचवा हिस्सा, कधी त्याहून अधिक. पाकिटावरचा २७०० चा आकडा पाहून आपण भुलतो. (मीही भुललो होतो.) अधूनमधून लागणाऱ्या यंत्रासाठी २००५ पासून मिळू लागलेले ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ सेल घ्यावेत. पाकिटावर बहुधा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेले असते. आकडा २००० च्या आसपासच, पण वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकतो. हे सेल १.२ व्होल्टचे, यंत्राला चालतात का, ते पुस्तिकेत पाहावे. ग्लुकोमीटरमधला चपटा लिथियम सेल मात्र चार्जरला लावू नये, नवाच घालावा.