ताप आला की आधी रक्त तपासा

आमच्या कामाला हातभार लावणारे काही जण विचारतात, की हिवताप आता उरला आहे का, आणि मावळच्या वाड्यांवर त्याबद्दल इतके बोलायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. हिवताप पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाला आहे. २०२४ साली भारत जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून बाहेर पडला. महाराष्ट्रात आज खरी चिंता गडचिरोलीची आहे, पुणे जिल्ह्याची तेवढी नाही. पण रोग विरळ झाला की तो ओळखणे अवघड होते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला ताप आला, तर तो लेप्टो असू शकतो, डेंग्यू असू शकतो, साधा सर्दीतापही असू शकतो. त्यात एखादाच हिवताप असतो, आणि तोच नेमका दोन गोळ्यांवर निभावून नेला जातो.

म्हाताऱ्या माणसांना ‘मलेरियावाला’ आठवतो. तो बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा, भिंतीवर तारीख लिहायचा आणि हातावर क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या ठेवायचा. राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि पहिली काही वर्षे त्याने मोठे यश मिळवले. पुढे डास फवारणीला दाद देईनासे झाले, लक्षही ढळले, आणि १९७६ साली देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. काचपट्टी ही आजही उत्तम तपासणी आहे. चांगला तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जंतूची जात आणि संख्या दोन्ही सांगतो. अडचण वाटेची होती. पट्टी वाडीवरून केंद्रात जायची, निकाल परत यायला दिवस लागायचे, तोवर ते कुटुंब कामाच्या शोधात घाट उतरून गेलेले असायचे.

ही वाट कमी केली झटपट तपासणीच्या पट्टीने. बोटातून रक्ताचा एक थेंब, त्यावर द्रावणाचे काही थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. एक रेघ तपासणी नीट झाली हे सांगते. ती उमटली नाही तर पट्टी टाकून द्यायची. दुसरी रेघ व्हायवॅक्सची, तिसरी फाल्सिपेरमची. पट्टीलाही मर्यादा आहेत. जंतू फार थोडे असतील तर ती चुकू शकते, म्हणून ताप राहिला तर पुन्हा तपासायचे. फाल्सिपेरमची रेघ रोग बरा झाल्यावरही काही आठवडे दिसू शकते, त्यामुळे ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष तिच्यावरून काढू नये. पाकीट उन्हात किंवा दमट जागी ठेवले तर पट्टी बिघडते, आणि लोणावळ्याच्या पावसात दमट नसलेली जागा शोधणे हेच एक काम असते!

बाहेरच्या देशांच्या मदतीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. बाजारात अशा पट्ट्या पुष्कळ आल्या, चांगल्या आणि वाईटही. २००८ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी त्या एकाच कसोटीवर तपासून निकाल जाहीर करायला सुरुवात केली. २०१० साली संघटनेने सांगितले, की हिवतापाचा संशय असलेल्या प्रत्येकाची आधी तपासणी, मगच औषध. २००२ साली स्थापन झालेल्या ग्लोबल फंडाचा भारतातला पैसा बव्हंशी ईशान्य राज्ये, ओडिशा, झारखंड अशा भागांत खर्च झाला. मावळापर्यंत पोचली ती पद्धत.

फाल्सिपेरमवरचे आर्टेमिसिनिन चीनच्या तू योयो यांच्या संशोधनातून आले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस देतात. गोळ्यांची पाकिटे वयाप्रमाणे रंगीत असतात: एक ते चार वर्षांच्या मुलाला पिवळे, मोठ्या माणसाला पांढरे. अक्षरओळख नसलेल्या आईलाही रंग लक्षात राहतो. मला ही साधी युक्ती फार आवडते.

व्हायवॅक्सचे दुखणे वेगळे. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरतो, पण जंतू यकृतात निजून राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतील बाळाला ते देत नाहीत. काहींच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असते. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. लघवी काळपट झाली तर गोळी लगेच बंद करून दवाखाना गाठायचा. एकाच वेळी घ्यायची टॅफेनोक्विन २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाली, पण तिच्याआधी त्या द्रव्याची नेमकी मोजणी लागते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती आर-२१ लस फाल्सिपेरमवरची आहे. व्हायवॅक्सला तिचा उपयोग नाही.

म्हणजे मावळात गाठ पडते ती चौदा दिवसांशी. तिसऱ्या दिवशी अंग हलके झालेले असते. दिवाळी झालेली असते. मुकादमाची उचल घरात खर्चून झालेली असते आणि वीटभट्टीवर न्यायला टेम्पो वाडीच्या तोंडाशी उभा असतो. एका कातकरी बाईने आशाताईंना सरळ विचारले, “ताप तर गेला, मग गोळी कशाची?” यकृतात निजलेल्या जंतूची गोष्ट तिला शेकोटीच्या राखेतल्या निखाऱ्यावरून सांगितली तेव्हा ती हसली, पण पुडी तिने पदराला बांधली.

म्हणून येत्या दिवाळीपूर्वी आमचे कार्यकर्ते आशाताईंबरोबर वाड्यांवर फिरतील तेव्हा एक काम नव्याने करतील. ज्याचे औषध सुरू आहे त्याच्या हाती एक चिठ्ठी राहील: कोणता हिवताप, कोणती गोळी, किती दिवस झाले, किती उरले. भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात ती दाखवायची. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यायची, आणि उरलेले दिवस आकड्यांऐवजी ठिपक्यांनी दाखवायचे. रोज एक ठिपका खोडायचा.