चोपडी आणि ग्रंथराज
डॉक्टरांच्या टेबलावर : लेखांक ५

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१ साली, एडिंबराजवळच्या गोगारबर्न इथल्या इस्पितळात एक वेगळंच छायाचित्रण चाललं होतं. कॅमेऱ्यापुढे कधी हात यायचा, कधी पाय, आणि त्याला अडवून धरणारा डॉक्टरांचा पंजा. टिपायचा होता तो कातडीखाली ताठ होणारा स्नायू.

गोळ्या आणि बॉम्बचे कपचे लागून हातापायांचे मज्जातंतू तुटलेले सैनिक मोठ्या संख्येने येत होते. ब्रिटिश लष्कराचे सल्लागार न्यूरॉलॉजिस्ट जॉर्ज रिडॉक यांनी एडिंबरा विद्यापीठातले शस्त्रक्रियेचे प्राध्यापक लर्मंथ यांना सोबत घेऊन अशा जखमींसाठी दोन केंद्रं काढली, एक गोगारबर्नला आणि दुसरं ग्लासगोजवळच्या किलर्नला. पण सर्वसाधारण इस्पितळांत काम करणाऱ्या सर्जनांचं काय? कुठला स्नायू कुठल्या तंतूवर चालतो याची उजळणी करत बसायला त्यांना सवड नव्हती. त्यांच्यासाठी चित्रांची चोपडी काढावी, ही कल्पना लर्मंथ यांची. पहिले काही फोटो न्यूरॉलॉजिस्ट रिची रसेल यांच्या मदतीने निघाले, उरलेले त्यांच्या जागी आलेल्या मॅकार्डल यांनी पुरे केले. सुट्या पानांच्या जेमतेम वीसेक प्रती स्कॉटलंडमधल्या सर्जनांना वाटल्या गेल्या. युद्ध चालू असतानाच ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती रीतसर छापली आणि पुढच्या तीस वर्षांत तिच्या हजारो प्रती निघाल्या.

१९७२ ते १९७५ या काळात फोटो नवे काढले गेले, आकृत्यांची भर पडली, नावही बदललं. आज ती ‘एड्स टू द एक्झॅमिनेशन ऑफ द पेरिफेरल नर्व्हस सिस्टिम’ या लांबलचक नावाने मिळते. नाव लांब असलं तरी पानं शंभरही नाहीत.

पान उघडलं की एक फोटो आणि खाली दोन-तीन ओळी. रुग्ण काय करतोय, डॉक्टर कुठे विरोध करतोय, आणि बाण दाखवलाय तिथे बोट ठेवलं तर स्नायू हाताला लागतो. बस्स. रोगाची कारणं नाहीत, औषधं नाहीत, थोरामोठ्यांची अवतरणं नाहीत.

या कोरडेपणातच तिची ताकद आहे. समजा, ओपीडीत एक शेतमजूर आलाय. चालताना त्याचं उजवं पाऊल खाली लोंबतं, चप्पल पायातून निसटते. वॉर्डाच्या भाषेत फूट ड्रॉप. याला कारणं प्रामुख्याने दोन. एक तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या मानेवरून जाणारा पेरोनियल तंतू दाबला गेला असेल. दिवसभर उकिडवं बसून कापणी-खुरपणी करणाऱ्यांना तसं होतं, घट्ट प्लॅस्टरनेही होतं. नाहीतर कमरेच्या मणक्यापाशी, एल-फाइव्ह या मज्जातंतूचं मूळ चकतीखाली सापडलं असेल. पहिल्यात बहुतेक वेळा बसायची पद्धत बदलून आणि वाट पाहून भागतं. दुसऱ्यात कमरेचा एमआरआय आणि कधी कधी ऑपरेशन. म्हणजे फरक लहान नाही, आणि पाऊल दोन्हीकडे सारखंच लोंबतं.

चोपडी म्हणते, त्याला पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि हाताने अडवा. पाऊल आत वळवणारा स्नायू पेरोनियल तंतूवर चालत नाही, टिबियल तंतूवर चालतो. पण मणक्यातून त्याला पुरवठा होतो तो मुख्यतः त्याच एल-फोर, एल-फाइव्हच्या मुळांतून. तेव्हा आत वळवण्याची ताकद शाबूत असेल तर दोष गुडघ्यापाशी, आणि तीही गेली असेल तर नजर कमरेकडे वळवायची. यात यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं.

ताकद मोजायची पट्टीही या चोपडीनेच घरोघर पोचवली. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो. दोन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा भार काढून घेतला तर हालतो, तीन म्हणजे भारासकट उचलतो. चार म्हणजे थोडा विरोधही सोसतो आणि पाच म्हणजे ठणठणीत. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही सरकारी इस्पितळात सकाळच्या राउंडला ‘पॉवर किती?’ असं विचारलं की निवासी डॉक्टर ‘थ्री बाय फाइव्ह’ म्हणतो, तो हाच हिशेब. पट्टी निर्दोष मात्र नाही. चारच्या खणात निम्म्या ताकदीचा माणूसही बसतो आणि जवळजवळ बरा झालेलाही, त्यामुळे डॉक्टरांना चार वजा, चार, चार अधिक असे पोटभाग करावे लागले. तरीही ऐंशी वर्षं ती टिकली, कारण तिच्याहून सोपं काही कुणी दिलं नाही.

आता दुसरं टोक, ग्रंथराजांचं. १९८० साली युजीन ब्राउनवाल्ड यांचा ‘हार्ट डिसीज’ हा ग्रंथ आला. १९२९ साली व्हिएन्नात जन्मलेले ब्राउनवाल्ड नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत पोचलेल्या कुटुंबातले. पहिल्या आवृत्तीचा मोठा भाग त्यांनी स्वतः लिहिला होता. आज तो ग्रंथ त्यांच्याच नावाने ओळखला जातो, दोन खंडांत येतो आणि उचलताना मनगटाची परीक्षा पाहतो. त्याआधी १९३१ साली पॉल डडली व्हाइट यांनी हृदयविकारावर अख्खा ग्रंथ एकहाती लिहिला होता. पुढे १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा बोलावले गेले ते हेच व्हाइट. मज्जासंस्थेच्या बाजूला विल्यम गॉवर्स यांनी १८८६ ते १८८८ या काळात दोन खंडी ‘मॅन्युअल’ लिहिलं, चित्रंसुद्धा स्वतः काढली. या गॉवर्सना लघुलिपीचा विलक्षण नाद होता. रुग्णाचं बोलणं जसंच्या तसं टिपता यावं म्हणून डॉक्टरांनी लघुलिपी शिकावी असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी संस्थाही काढली. आजचे निवासी डॉक्टर केसपेपरवर जे लिहितात ते पाहून गॉवर्स काय म्हणाले असते, कोण जाणे.

ग्रंथराजांपुढे अडचण वेगळीच असते. ते उपचार सांगतात, आणि उपचार नासतात.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरची विश्रांतीच घ्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णाला महिना-दीड महिना पलंगावर उताणं ठेवत. कुशीवर वळायलाही मदतनीस, घास भरवायलाही मदतनीस. ग्रंथांत तसंच होतं, तेव्हा वॉर्डातही तसंच. बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन यांना हे पटेना. आडवं ठेवल्याने हृदयावरचा भार उलट वाढतो आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणि तरुण बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना उचलून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. १९५२ साली ८१ रुग्णांचा अनुभव छापून आला. वॉर्डातल्या कनिष्ठ डॉक्टरांना हा प्रकार खुनशीपणाचा वाटला होता. खुर्चीत बसवल्याने माणसं मेली नाहीत, उलट लवकर घरी गेली, तेव्हा कुठे पलंगाचं राज्य डळमळलं.

त्याहून बोचरी गोष्ट १९८९ची. झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या ईसीजीत जास्तीचे ठोके दिसले तर अकस्मात मृत्यूचा धोका वाढतो, हे सिद्ध होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं असे ठोके बंद करतात, हेही सिद्ध होतं. मग ही औषधं दिली की माणसं वाचणार, यात शंका घ्यायला जागा कुठे होती? कागदावर तरी नव्हती. अमेरिकेत ‘कास्ट’ या नावाने चाचणी घेतली गेली आणि या दोन औषधांपुरती ती मध्येच थांबवावी लागली. १९९१ साली तपशील प्रसिद्ध झाला : औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके थांबले होते, माणसंही थांबली होती.

बीटा ब्लॉकरची कथा याच्या उलट दिशेने गेली. ही औषधं हृदयाचा जोर कमी करतात, म्हणून दमलेल्या हृदयाला ती द्यायची नाहीत, हा नियम पिढ्यांनी पाठ केला. १९७५ साली स्वीडनमधल्या वाग्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी अवघ्या सात रुग्णांना ती देऊन सुधारणा दिसल्याचं लिहिलं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. चोवीस वर्षांनी, १९९९ साली, २,६४७ रुग्णांच्या ‘सिबिस-दोन’ या चाचणीचा निकाल छापून आला; फायदा स्पष्ट दिसल्यामुळे ती मुदतीआधीच थांबवली गेली होती. मृत्यूचं प्रमाण १७.३ टक्क्यांवरून ११.८ टक्क्यांवर आलं होतं. ‘देऊ नये’च्या यादीतलं औषध ‘दिलंच पाहिजे’च्या यादीत गेलं. जुनी आवृत्ती कपाटात ठेवून तिच्यावर भरवसा टाकणारा डॉक्टर या वळणावर रुग्णाचं सरळ नुकसान करत होता.

ग्रंथ किती मागे राहतात, हे १९९२ साली कुणीतरी मोजूनच काढलं. बॉस्टनचे इलियट अँटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यावरची जुनी पाठ्यपुस्तकं आणि आढावा-लेख वर्षागणिक चाळले आणि त्या-त्या वर्षापर्यंतच्या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष शेजारी मांडला. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा फायदा आकड्यांत दिसू लागल्यावरही कित्येक वर्षं तज्ज्ञ त्यांची शिफारस करत नव्हते. आणि अनियमित ठोक्यांवरच्या ज्या लिग्नोकेनचा सरसकट वापर मृत्यू टाळतो असं कुठल्याच आकड्यांत दिसत नव्हतं, ते मात्र पानापानांवर होतं. त्याच गटाच्या दुसऱ्या निबंधात गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचा हिशेब आहे. १९७३ सालापर्यंतच्या आठ चाचण्या आणि २,४३२ रुग्ण एवढ्यावर फायदा सिद्ध झाला असता. त्यानंतर १९८८पर्यंत आणखी २५ चाचण्या झाल्या, ३४,५४२ रुग्ण त्यांत उतरले, आणि उत्तर होतं तिथेच राहिलं. यातल्या अनेकांना औषधाऐवजी नुसतं सलाइन मिळालं असणार. अर्थात हे नंतर सुचलेलं शहाणपण आहे. विखुरलेल्या चाचण्या अशा एकत्र मोजण्याची रीत १९७३ साली हृदयतज्ज्ञांच्या रोजच्या वापरात नव्हती. पण ग्रंथांच्या लेखकांनी लिग्नोकेनवर एवढा विश्वास कशाच्या जोरावर टाकला, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

हृदयाचे ग्रंथ तेवढे नाशवंत आणि मेंदूचे चिरंजीव, असं मात्र नाही. पक्षाघाताचं प्रकरण पाहा. १९९५पर्यंत गुठळीच्या पक्षाघातावर पहिल्या तासांत देण्याजोगं सिद्ध औषधच नव्हतं. त्या वर्षी तसं औषध तीन तासांच्या मुदतीसह आलं, २००८ साली ती मुदत साडेचार तासांवर गेली, २०१५ साली तार घालून गुठळी ओढून काढण्याचे पुरावे आले आणि २०१८ साली निवडक रुग्णांसाठी या दुसऱ्या उपायाची मुदत चोवीस तासांवर पोचली. त्याच काळात गोगारबर्नच्या चोपडीतला अंगठा उचलायचा फोटो बदलण्याचं कारण घडलं नाही. अंगठ्याचा तंतू तोच आहे, मनगटातला बोगदाही तोच.

परदेशी ग्रंथांची आणखी एक मर्यादा मुंबईत लख्ख दिसली. १९७१ साली शहरात डोळे येण्याची मोठी साथ आली. हा नव्या विषाणूचा आजार होता; दोन वर्षांपूर्वी, माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमारास, तो घानात प्रथम दिसला होता, म्हणून लोकांनी त्याला ‘अपोलो’चं नाव दिलं होतं. डोळे आठवड्याभरात बरे होत. पण त्यानंतर काही दिवसांनी-आठवड्यांनी काही धडधाकट प्रौढ माणसं हातपाय लुळे पडून इस्पितळात येऊ लागली, थेट पोलिओसारखी. कुठल्याही ग्रंथाच्या सूचीत ‘डोळे येणे’च्या पुढे ‘लुळेपणा’ नव्हता. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना मागच्या महिन्यातल्या डोळ्यांविषयी विचारलं, दुवा जोडला आणि १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं.

त्याच वाडियांनी १९७१ साली डॉ. स्वामी यांच्याबरोबर नऊ कुटुंबांतल्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं होतं. चाल झोकांड्या खाणारी, आणि डोळे चमत्कारिक संथ. या बोटाकडून त्या बोटाकडे पटकन बघा म्हटलं की नजर उडी मारून जात नाही, सरपटत जाते. पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, या आजारामागचा जनुक सापडला. आज त्याला ‘एससीए-टू’ म्हणतात, आणि संशय घ्यायची पहिली खूण अजूनही तीच दोन बोटं.

२००५ साली वाडियांच्या संपादनाखाली ‘न्यूरॉलॉजिकल प्रॅक्टिस : अॅन इंडियन पर्स्पेक्टिव्ह’ हा ग्रंथ निघाला, २०१४ची दुसरी आवृत्ती डॉ. सतीश खाडिलकर यांच्यासह. क्षयाचा मेंदूज्वर, मेंदूतल्या कृमींच्या गाठींमुळे येणारी फिट, असे इथल्या ओपीडीतले नेहमीचे पाहुणे त्यात मानाने पुढे बसले आहेत. लंडन-बॉस्टनच्या ग्रंथांत त्यांना ‘उष्ण प्रदेशातले आजार’ म्हणून मागच्या बाकावर जागा मिळत असे. तरी उपचारांच्या पानांना वयाचा नियम इथेही लागू आहे. पदव्युत्तर विद्यार्थी हल्ली औषधाची मात्रा मोबाइलवर पाहतात, ते बरंच आहे. तपासणीची पानं मात्र त्यांनी छापील वाचावीत, आणि शेजारच्या खाटेवर लगेच करून पाहावीत.

पुढच्या आठवड्यात : दक्षिण आफ्रिकेतले लिओ शॅमरॉथ. ईसीजीच्या पुस्तकासाठी जगभर ओळखला गेलेला हा डॉक्टर स्वतः हृदयाच्या झडपेच्या संसर्गाने आजारी पडला, तेव्हा त्याने यंत्राऐवजी आपल्याच दोन नखांकडे पाहून काय शोधलं, त्याची हकीकत.