शिरोरेषा वाकते तेव्हा

पौष लागला की मुरबाडच्या फ्लेक्सवाल्यांच्या रात्री लांबतात. पौष पौर्णिमेला म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती पंचक्रोशीत नावाजलेली. स्वागताच्या फलकांवर देवाचं नाव हमखास कमानीसारखं वाकवलेलं असतं. ते कसं वाकवायचं, या एका प्रश्नाने मला बरंच हिंडवलं आहे.

वाकवायचे मार्ग दोन, देवनागरीला त्यातला एकच मानवतो. कोरलड्रॉ या आरेखनाच्या प्रोग्राममध्ये ओळ वक्ररेषेवर बसवली की प्रत्येक अक्षर आपल्यापुरतं तिरकं होतं, स्वतः वाकत नाही. रोमन अक्षरं मुळातच सुटी, त्यांचं काही बिघडत नाही. आपली मात्र शिरोरेषेला लटकलेली. कमानीत ती रेषा बाहेरच्या अंगाला येते आणि दोन अक्षरांमध्ये पाचरीसारखी फट उघडते. युनिकोडआधीच्या फाँटांत काना, वेलांटी, अनुस्वार हे वेगळे तुकडे. ते वेगवेगळे कलतात आणि 'खां'वरचं टिंब जागा सोडतं.

दुसरा मार्ग एन्व्हलपचा. कंट्रोल क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करायचे, सगळं नाव वेल्ड करून एकसंध करायचं, मग एन्व्हलप लावायचा. नावाभोवती आठ नोडची, म्हणजे ओढता येणाऱ्या बिंदूंची, चौकट येते. वरची मधली नोड उचलली की अक्षरांचा आकारच तिच्यामागे जातो आणि शिरोरेषा अखंड कमान होते. एकदा कर्व्ह झाले की टाइप करून दुरुस्ती नाही, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ आधी तपासलेले बरे.

आकार बिघडवणं ही संगणकाने आणलेली खोड नव्हे. शहापूरवरून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गासारख्या रस्त्यांवर अक्षरं मुद्दाम लांबट रंगवतात. चालकाच्या नजरेला ती नेहमीसारखी दिसतात. होल्बाइनने १५३३ साली 'द अँबॅसडर्स' या चित्रात कवटी अशीच ताणून रंगवली. ती कडेला उभं राहून पाहावी लागते. पाहणारा कुठे उभा आहे, हे दोन्हीकडे आधी ठरलेलं आहे.

फोटोशॉपच्या डिस्प्लेस फिल्टरला काय कुठे हलवायचं हे असंच आधी, एका करड्या चित्रातून, सांगावं लागतं. १२८ ही करडी छटा असेल तिथे बिंदू जागचा हलत नाही. काळ्याकडे एका दिशेला सरकतो, पांढऱ्याकडे उलट. भगव्याच्या चुण्यांचा फोटो करडा करून, थोडा धूसर करून नकाशा म्हणून दिला, की त्यावरची अक्षरं चुण्यांबरोबर हलतात. माहुली किल्ल्याच्या सुळक्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब मात्र रिपल फिल्टरने जमत नाही. पाण्यात जवळच्या लाटा मोठ्या दिसतात, लांबच्या बारीक. फिल्टर सगळीकडे सारख्याच उठवतो आणि पाण्याचा पन्हळी पत्रा होतो. तानसा-भातसा धरणांच्या काठी वाढलेल्या मुलाला हे लगेच खटकतं.

आकार ताणताना सगळ्यात जपायचा तो चेहरा. माझ्या काकांच्या श्रद्धांजलीच्या फलकावर चौकट भरावी म्हणून त्यांचा फोटो आडवा ताणला होता. गाल फुगले होते, डोळे चपटे झाले होते. काकू तो फलक उतरेपर्यंत त्या वाटेने गेल्या नाहीत. फोटो कोपऱ्याच्या हँडलने ओढला असता तर प्रमाण राहिलं असतं. उरलेल्या जागेत फुलं चालली असती.

यंदा म्हशाच्या फलकाचं काम चालू असताना मी एका ऑपरेटरशेजारी बसलो होतो. कमान झाली, रंग भरला. छपाईला सोडण्याआधी त्याने 'श्व' आणि 'र'मधला सांधा पडदाभर मोठा केला. केसाएवढी पांढरी रेघ दिसत होती. फलक दहा फुटी, ती रस्त्यावरून कुणाला दिसणार नव्हती. त्याने दोन नोड धरल्या, एकमेकींवर बसवल्या, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून शिरोरेषा तपासत निघाला.