काउंटरपलीकडचा प्रश्न

१९८३ साली, आठवीत असताना, मी बॅटरीवाचून चालणारा रेडिओ बनवला आणि तो चालला नाही. फेराइट रॉडवर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, एक गँग कंडेन्सर, ओ.ए. ७९ नावाचा काचेचा इवलासा डायोड आणि कानात घालायचा क्रिस्टल इयरफोन, एवढाच त्याचा संसार. एरियल म्हणून गच्चीवर ताणलेली तार आणि अर्थिंग म्हणून न्हाणीघरातला नळ. आकाशवाणीचे इंदूर केंद्र गावातलेच. तेवढा आवाज तरी यायला हवा होता. रात्री दहापर्यंत मी इयरफोन लावून बसलो. निःशब्द शांतता.

दुसऱ्या दिवशी ते सारे बिस्किटांच्या डब्यात भरून मी जेल रोडवरच्या त्या दुकानात गेलो, जिथून एकेक भाग महिनाभर पैसे साठवून आणला होता. दुकानाचे मालक सिंधी गृहस्थ. सगळे त्यांना ‘दादा’ म्हणत. दादांनी डब्याला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारले, “क्या बना रहे हो?” मग, “एरियल कितनी लंबी है? अर्थ कहाँ दिया?” आणि क्षणभर थांबून, “तार छीली थी?”

मी तार खरवडली नव्हती. गुंडाळीच्या तारेवर एनॅमलचा पातळ, लालसर थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. टोके खरवडल्याशिवाय दिलेला जोड हा केवळ देखावा असतो. दादांनी दाढीचे अर्धे ब्लेड माझ्या हातात दिले, टोके माझ्याकडूनच खरवडून घेतली आणि नंतर डाख कसा द्यायचा ते दाखवले: आधी जोड तापवायचा, मग त्याला कथील लावायचे, कथील आयर्नवर वितळवून थापायचे नाही. पैसे विचारले तेव्हा म्हणाले, “अगली बार कुछ ले जाना.” त्या संध्याकाळी इयरफोनमधून मुंगीच्या आवाजात का होईना, पण बातम्या ऐकू आल्या.

पुढे एम.जी.एम. मेडिकल कॉलेजात आमच्या गुरुजनांनी रुग्णाला हात लावण्याआधी त्याला विचारायला शिकवले. तो धडा मला फारसा नवा वाटला नाही.

आमच्या पिढीतल्या अनेकांचे असे एखादे दुकान होते. कोणाचे टपाल तिकिटांचे, कोणाचे पतंग-मांज्याचे, कोणाचे रंग-कुंचल्यांचे. माझे हे असे होते: बारा फूट रुंद, भिंतभर लाकडी ड्रॉवर, प्रत्येकावर दादांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, आणि राळेचा व तापलेल्या कथिलाचा वास. गिऱ्हाईक म्हणजे रेडिओ मेकॅनिक, एस.जी.एस.आय.टी.एस.चे विद्यार्थी आणि आमच्यासारखी हाफपँटमधली पोरे. खरेदी रुपया-दोन रुपयांची आणि मुक्काम अर्ध्या तासाचा. मधल्या वेळात मेकॅनिक लोकांचे बोलणे कानावर पडे. खरे शिक्षण तिथेच होई. एकदा मी घरच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर मागितला. दादांनी तो ड्रॉवरमधून काढला, काउंटरवर ठेवला आणि परत आत टाकला. “पहले बाबूजी को ले आओ.” माझे वडील बँकेत कारकून, त्यांना विजेची मनस्वी भीती. ते आले, त्यांनाही दहा मिनिटे उभे राहून फ्यूजविषयी ऐकून घ्यावे लागले आणि मगच मला तो ट्रान्सफॉर्मर मिळाला. विकायची वस्तू गिऱ्हाइकाने मागूनही न विकणे हाही व्यापाराचा भाग असू शकतो, हे तेव्हा मला विचित्र वाटले होते.

आज त्या जागी दादांच्या मुलाचे मोबाइलची कव्हरे आणि चार्जर यांचे दुकान आहे. ड्रॉवरची एकच रांग मागच्या भिंतीला उरली आहे आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर दादा, आता पंच्याऐंशीच्या पुढचे, दुपारभर बसून असतात.

या दुकानाचे मृत्युप्रमाणपत्र भरायचे झाले तर आपण डॉक्टर मंडळी पहिल्या भागात तात्कालिक कारण म्हणून ‘ऑनलाइन खरेदी’ लिहून मोकळे होऊ. फ्लिपकार्टने २०१० साली माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय काढली, २०१३ साली अॅमेझॉन भारतात आले, २०१६ साली इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले गिऱ्हाईकही घरी बसवले. नोंद चुकीची नाही, पण अपुरी आहे. त्याखालच्या ओळीत, पूर्वकारण म्हणून, बरेच काही लिहावे लागेल. तयार रेडिओ सुट्या भागांहून स्वस्त झाला. यंत्रांतले भाग इतके सूक्ष्म होऊन थेट पाटीवर चिकटले, की दुरुस्ती म्हणजे अख्खी पाटीच बदलणे. अमेरिकेत हीथकिट या कंपनीने १९४७ सालापासून लोकांना घरबसल्या रेडिओपासून दूरदर्शन संचापर्यंत सारे जोडायला शिकवले. तिने किट विकणे १९९२ सालीच थांबवले. तेव्हा ऑनलाइन बाजार जन्मालाही आला नव्हता. १९२१ सालची रेडिओशॅक मात्र टिकली, सुटे भाग मागच्या कोपऱ्यात सारून मोबाइल विकू लागली आणि तरीही २०१५ साली दिवाळखोरीत गेली. जेल रोडवरचा रोग आणि तिकडचा रोग एकच होता. इकडे तो जरा उशिरा आला, एवढेच.

प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात, हातभार लावणाऱ्या इतर कारणांत, मला स्वतःचे नाव घालावे लागेल. २०१४ साली माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी छोटी मोटर आणि तिला चालवणारे सर्किट हवे होते. मी दादांकडे गेलो. त्यांनी वीस मिनिटे खर्च करून कोणती मोटर घ्यायची, कोणती नको, का नको, हे कागदावर आकृती काढून समजावले. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, ‘मुलीला दाखवून येतो’ म्हणालो आणि गाडीत बसून तेच सारे फोनवर मागवले. नव्वद रुपये वाचले. महिन्याभराने रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारले, “प्रोजेक्ट चल गया, डॉक्टर साहब?” मी हो म्हणालो. वस्तू कुठून घेतल्या, हे त्यांनी विचारले नाही.

ऑनलाइनला शिव्या घालणे मला म्हणूनच जमत नाही. झाबुआ-आलिराजपूरकडच्या मुलाला सुटा भाग हवा असेल तर पूर्वी इंदूरची बस धरावी लागे. आज तो त्याच्या घरी पोहोचतो. आम्हाला स्वप्नातही न दिसलेले प्रोग्रॅम करता येणारे आर्डुइनोसारखे बोर्ड शाळकरी मुले आज हाताळतात. वस्तूंची टंचाई संपली. वस्तू देणाऱ्याने ‘काय बनवतो आहेस?’ असे विचारणे मात्र त्याबरोबर संपले. याची किंमत किती, ते २०२४ च्या जुलैमध्ये मला माझ्या व्यवसायात कळले.

चौदा महिन्यांच्या मुलीने बटन सेल गिळला, असा तिच्या आईचा फोन आला. घटना घडून वीस मिनिटे झाली होती. मुलगी वर्षावरची, लाळ गिळू शकत होती. म्हणून वाटेत दर दहा मिनिटांनी दहा मिलिलिटर मध द्या, उलटी करवू नका आणि मधासाठी कुठे थांबू नका, असे सांगितले. क्ष-किरण चित्रात अन्ननलिकेच्या वरच्या भागात ते परिचित दुहेरी वर्तुळ दिसले: सी.आर. २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. आपणा सर्वांना ठाऊक आहे की तिथे अडकलेला सेल दोन तासांत खोल जखम करू शकतो. ओल्या ऊतींतून प्रवाह वाहतो, ऋण टोकाशी अल्कली तयार होते आणि ती मांस विरघळवत जाते. गिळल्यापासून पावणेदोन तासांत आमच्या गॅस्ट्रो सहकाऱ्यांनी दुर्बिणीने तो काढला. जखम वरवरची निघाली. मुलगी आता उत्तम आहे.

सेल आला होता तिच्या दहा वर्षांच्या भावाच्या किटमधून. किट वाढदिवसाला ऑनलाइन मागवलेले; सेलच्या खोबणीला ना झाकण, ना स्क्रू. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. या डब्यावर वय ‘१४ वर्षांपुढे’ छापले होते. विकणाऱ्याचा हात त्या बारीक अक्षरांपाशी संपला. घरात रांगते मूल आहे का, हे विचारायला तिथे कोणी नव्हते.

पुढच्या तपासणीला आई दोन्ही मुलांना घेऊन आली. मुलगा दाराशीच उभा राहिला. आई म्हणाली, “डॉक्टरकाका, आम्ही कोणी याला रागावलो नाही हो. पण त्या दिवसापासून हा कशाला हात लावत नाही. सगळं माळ्यावर टाकून दिलंय.” मी त्याला विचारले, काय बनवत होतास? बराच वेळ गेला. मग म्हणाला, “गणपतीच्या मखराला लावायचे दिवे. उघडझाप करणारे. पण एकच लागत होता.”

त्या आठवड्यात मी त्याला, आईच्या परवानगीने, दादांकडे नेले. दादांनी किट हातात घेतले नाही. स्टुलावरून वाकून विचारले, “क्या बना रहे हो, बेटा?” मग प्रश्नांची तीच जुनी माळ. दोनपैकी एक एल.ई.डी. उलटा बसला होता. सेलची हकीकत मी हळू आवाजात सांगितली. ऐकून ते म्हणाले, बटन सेलची गरजच काय? दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले की तेच ३ व्होल्ट होतात. चालतील जास्त दिवस आणि छोटीच्या तोंडात मावणारही नाहीत. फक्त दोन सेलचा होल्डर हवा, झाकण आणि स्क्रू असलेला.

ते उठले आणि भिंतीवरचे ड्रॉवर एकेक करून उघडू लागले. चिठ्ठ्यांची अक्षरे पुसट झाली होती. चष्मा कपाळावर चढवून ते प्रत्येक ड्रॉवर जवळून पाहत होते. होल्डर सापडला नाही. अखेर गल्ल्यावरून मुलगा म्हणाला, “छोड़ो ना पापा, ऑनलाइन डाल देता हूँ, परसों आ जाएगा,” आणि त्याने फोनवर तो मागवलाही. दादा क्षणभर गप्प राहिले. मग पोराकडे वळून म्हणाले, “आए तो घर मत ले जाना. यहाँ आके लगाना, मेरे सामने.”

शनिवारी होल्डर आला. पहिला जोड दादांनी कच्चा ठरवला आणि काढून पुन्हा द्यायला लावला, दुसराही. आठ वाजले, मुलाने शटर अर्धे ओढले, तरी आत आयर्न तापतच होते. मी बाहेर गाडीत बसून होतो. दवाखान्यातून तीन फोन येऊन गेले होते.