डोळ्यांना जाणवणारा स्पर्श

आभासी वास्तवात, म्हणजे व्हीआरमध्ये, हाताला काहीच लागत नाही. हेडसेट चढवून समोरचे बटण दाबले तरी बोट हवेतच फिरते. हातातला कंट्रोलर थोडाफार थरथरतो, पण बटण दाबले गेले की नाही हे कळते ते मुख्यतः डोळ्यांनी. बोट जवळ येताच बटण उजळते, दाबताना आत जाते, सोडल्यावर उसळून परत येते. स्पर्शाचे काम या छोट्या हालचालींना, म्हणजे ॲनिमेशनला, करावे लागते.

याचा उपयोग पाहण्यासाठी सांगली जिल्ह्यातील तासगावच्या द्राक्षबागांचे उदाहरण घेता येईल. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, काडी कितव्या डोळ्यावर, म्हणजे अंकुरावर, कापली यावर पुढचे पीक अवलंबून असते. कापलेली काडी पुन्हा जोडता येत नाही; म्हणून नवख्या माणसाला आधी आभासी वेलीवर हात बसवता आला तर ते मोलाचेच ठरेल. अशा सरावात कात्री जवळ येताच नेमका तोच डोळा उजळायला हवा. पाती मिटताना काडी आधी किंचित दबावी, मग तुटून कलंडत खाली पडावी. ती एकदम नाहीशी झाली, तर आपण कापली की संगणकाने पुसली, हेच शिकणाऱ्याला उमगत नाही.

हालचालीतून अडथळाही जाणवून देता येतो. पडद्यावरची वस्तू मध्येच मंदावली की हाताला घर्षण जाणवल्याचा भास होतो, हे फ्रान्समधील अनातोल लेक्युयर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले. जाड काडीवर पाती सावकाश मिटवली, तर हलका कंट्रोलरही जोर मागतो आहे असे वाटू शकते. बाहुल्यांच्या खेळातही असेच घडते. १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. दोरीवरच्या बाहुलीचा भारही प्रेक्षकांना जाणवतो तो तिच्या चालीतूनच.

उशीर झाला की मात्र हे सारे फसते. मान वळल्यापासून दृश्य बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला तर भास तुटू लागतो. सेकंदाला ९० चित्रे दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिसेकंद येतात. शिवाय पाहणारा स्थिर असताना सगळे दृश्यच हलवले, तर डोळे म्हणतात चाललो, कानातले तोलाचे इंद्रिय म्हणते थांबलो, आणि मळमळायला लागते. म्हणून छाटणी चुकल्याची सूचना देताना बाग हादरवू नये. त्या काडीपाशीच लाल लहर उमटवावी. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांसाठी रंगाच्या जोडीला काडीची थरथरही हवी.