स्टार्चची फिल्म आणि ग्लिसरीन

कॅडेट मित्रांनो, १ जुलै २०२२ पासून आपल्या देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. मग खाऊची पाकिटे स्टार्चची करता येतील का?

साबुदाणा ज्यापासून बनतो तो टॅपिओकाचा स्टार्च पाण्यात शिजवून, पातळ पसरून वाळवला की पारदर्शक फिल्म मिळते. पण ती वाळलेल्या पापडीसारखी कडकन मोडते, कारण स्टार्चच्या लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात.

म्हणून शिजवतानाच त्यात ग्लिसरीन घालतात, बहुधा स्टार्चच्या वजनाच्या २० ते ४० टक्के. ग्लिसरीनचे लहान रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांच्याशी बंध जोडतात. साखळ्यांची आपसातली पकड सैल होते, त्या सरकू लागतात आणि फिल्म न मोडता वाकते. अशा पदार्थाला प्लास्टिसायझर म्हणतात.

मात्र ग्लिसरीन वाढवत गेलो, तर फिल्मची ताकद घटते, ती ओलावा जास्त शोषते आणि तिच्यातून बाष्पही जास्त आत येते. अति झाले तर ती चिकट होते. पावसाळ्यात अशा पाकिटातली बिस्किटे लवकर सादळतील. कमी घातले तर पाकीट फाटेल, जास्त घातले तर खाऊ बिघडेल. म्हणून आधी पाकिटात काय ठेवायचे ते ठरवावे, मग ग्लिसरीन मोजावे.