कणसाला आधार, कष्टाला काय?

अमेरिकेच्या सुबत्तेच्या कथा ऐकण्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु त्या संपन्न राष्ट्रातही मका पिकविणारा शेतकरी गेली नव्वदांहून अधिक वर्षे सरकारी साहाय्याच्या आधाराने उभा आहे. हा आधार मुळात का द्यावा लागला, हे आयोवा राज्यातील प्लिमथ काउंटीला चांगले ठाऊक आहे.

मंदीच्या त्या काळात मक्याचा भाव इतका कोसळला होता की, कित्येक घरांतून कोळशाऐवजी मकाच जाळला जाई. कर्जापायी जमिनींचे लिलाव होत होते. २७ एप्रिल १९३३ रोजी ल मार्स या काउंटीच्या ठाण्यात, यापुढे जप्तीच्या हुकुमांवर सही न करण्याचे वचन शेतकऱ्यांनी न्यायाधीश ब्रॅडली यांच्याकडे मागितले. त्यांनी ते नाकारताच जमावाने त्यांना न्यायासनावरून ओढून गावाबाहेर नेले व त्यांच्या गळ्यात दोर अडकविला. न्यायाधीश बचावले, राज्यपालांना मात्र लष्करी कायदा पुकारावा लागला. पुढे पंधरा दिवसांतच, १२ मे रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी शेतमालाचे भाव सावरणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कृत्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु ज्या हतबलतेतून ते घडले, तिची दखल शासनाने घेतली हे योग्यच झाले.

प्रश्न आहे तो त्या साहाय्याच्या आजच्या स्वरूपाचा. भाव ठरावीक पातळीखाली गेला म्हणजे तूट सरकारने भरून द्यावी, ही त्यातील एक प्रमुख योजना. ही पातळी २०१४ च्या कायद्याने बुशेलमागे, म्हणजे सुमारे २५ किलोंमागे, ३.७० डॉलर होती. २०२५ च्या कायद्याने ती ४.१० डॉलर केली. परंतु ही रक्कम यंदा किती मका पेरला यावर ठरत नाही. पूर्वीच्या पेरणीवरून सरकारदप्तरी नोंदलेल्या एकरांवर ती ठरते. साहजिकच ज्याचे एकर अधिक, त्याचा वाटा मोठा. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. रोख खंड असेल तेथे अनुदान कसणाऱ्याच्या नावे जमा होते खरे. पण खंड ठरविताना मालकालाही ते ठाऊक असते, आणि त्यातील काही भाग वाढीव खंडाच्या रूपाने त्याच्याकडे वळतो. भाव पडला तर तोटा कुळाचा, साहाय्य आले तर वाटेकरी मालक, असा हा न्याय आहे!

परदेशातील हा दोष दाखवून आपण हात झटकू नयेत. २०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात, ते जमीनधारक कुटुंबाला. तोंडी कराराने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. म्हणून बियाणे, खत व मजुरी यांचा भार ज्याच्या शिरावर, तो या योजनेच्या दारातच उभा राहतो.

शेतकऱ्याला साहाय्य देऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अन्न पिकविणाऱ्याला केवळ बाजाराच्या मर्जीवर सोडण्याचे फळ प्लिमथ काउंटीने १९३३ मध्ये पाहिले आहे. परंतु साहाय्य जमिनीच्या कागदामागे न जाता कसणाऱ्या हातांमागे गेले पाहिजे. त्यासाठी कसणाऱ्याची स्वतंत्र नोंद व्हावी, आणि त्या नोंदीने आपला मालकीहक्क जाईल ही मालकाची भीतीही कायद्याने दूर करावी. एवढे झाल्यावाचून अनुदानाचे आकडे कितीही फुगले, तरी ते शेतीचे साहाय्य ठरेल, शेतकऱ्याचे नव्हे.